सिक्लिडची अंडी दर खेपेला वाया जातात? नुकसान कुठल्या दिवशी होतं ते आधी बघा

टाकीतल्या सिक्लिड माशांची जोडी जुळलेली आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी दगडावर, कुंडीत नाहीतर पानावर अंडी दिसतात. दोन दिवसांनी बघावं तर जागा लख्ख रिकामी, किंवा अंड्यांवर पांढऱ्या कापसासारखं काहीतरी साचलेलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. सिक्लिडची पैदास सुरू करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे येतं, आणि बहुतेक जण आधी जोडी बदलतात, नाहीतर टाकीत औषध ओततात. दोन्हींची घाई करू नका. अंडी कधी गेली आणि जाताना कशी दिसत होती, एवढ्यावरून कारण बरंचसं ओळखता येतं. कारण कळेपर्यंत केलेला प्रत्येक बदल अंधारात मारलेला दगड ठरतो, आणि दर बदलाबरोबर जोडी बिथरते ती वेगळीच.

म्हणून सगळ्यात आधी एक वही करा. अंडी घातल्याची तारीख आणि वेळ, पाण्याचं तापमान, आणि पुढे रोज सकाळ-संध्याकाळ काय दिसलं ते दोन ओळींत लिहा. बघताना बॅटरी बाजूने धरा. टाकीत हात घालू नका, झाकण उघडू नका.

वेळापत्रक डोक्यात पक्कं हवं. (एंजल, कॉन्व्हिक्ट, क्रिबेन्सिस, रॅम आणि डिस्कस या सिक्लिडच्याच जाती.) 27-28 अंश सेल्सिअसला एंजलची अंडी साधारण 60 तासांत फुटतात. पिल्लं त्यानंतर चार-पाच दिवस पानाला चिकटून वळवळत राहतात आणि अंडी घातल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी मोकळी पोहायला लागतात. कॉन्व्हिक्ट आणि क्रिबेन्सिसची अंडी 26-27 अंशांना तिसऱ्या दिवसाच्या आसपास फुटतात आणि पिल्लं आठवड्याभरात पोहतात. रॅमला 28-29 अंश मानवतात, अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. तापमान दोन-तीन अंशांनी कमी असलं की हे सगळं लांबतं आणि बुरशीला तेवढा जास्त वेळ मिळतो. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर लावा.

पहिल्याच दिवशी सगळी अंडी पांढरी

फळलेलं अंडं पारदर्शक असतं. जातीप्रमाणे मधासारखं, फिकट तपकिरी किंवा करडं दिसतं, आणि दीड दिवसात त्यात काळसर ठिपका दिसू लागतो. न फळलेलं अंडं 12 ते 24 तासांत दुधाळ, अपारदर्शक होतं. शंभरातली दहा-वीस पांढरी होणं अगदी सामान्य आहे. पालक ती एकेक करून वेचून खातात. त्याला ‘अंडी खाल्ली’ म्हणू नका, ती साफसफाई आहे आणि ती व्हायलाच हवी. सगळीच्या सगळी पांढरी झाली तर मात्र अंडी फळलीच नाहीत, आणि अशा वेळी कुठलंही औषध काही करू शकत नाही.

पहिली शंका: दोन्ही माद्या तर नाहीत? एंजलमध्ये हे फार वेळा घडतं. नर नसला की दोन माद्या जोडी जमवतात, पान साफ करतात, आळीपाळीने अंडी घालतात, राखणही करतात. ओळखायची खात्रीची वेळ म्हणजे अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते अंडी घालून होईपर्यंत. तेव्हा पोटाखाली, गुदद्वाराजवळ बाहेर आलेली छोटी नळी दिसते. मादीची जाड आणि टोकाला बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार, पुढे झुकलेली. दोघांची जाड दिसली तर जोडी म्हणजे दोन माद्याच. अंड्यांची संख्या नेहमीपेक्षा खूप जास्त असणं हीसुद्धा एक खूण. कॉन्व्हिक्टमध्ये काम सोपं आहे: पोटावर नारिंगी-सोनेरी झाक असते ती मादी. क्रिबेन्सिसची मादी आखूड, गोल पोटाची, आणि पोट चेरीसारखं लाल.

नर नक्की नरच असेल, तर पाण्याच्या प्रवाहाकडे बघा. मादी अंड्यांची एक ओळ घालते, तिच्यामागून नर पोट घासत जातो आणि वीर्य सोडतो. फिल्टरचा झोत नेमका त्याच दगडावर आदळत असेल तर वीर्य अंड्यांपर्यंत पोचायच्या आत वाहून जातं. अंडी घालणं सुरू झालं की मोठा फिल्टर दोन तास बंद ठेवा, नाहीतर कायमचा स्पंज फिल्टर लावा. पैदाशीच्या टाकीत स्पंज फिल्टरच बरा, तो पिल्लंही ओढून घेत नाही.

तिसरं कारण पाण्याचा जडपणा. कॉन्व्हिक्टला याची फिकीर नसते, टाकीतच वाढलेले एंजल मध्यम जड पाण्यातही पिल्लं देतात. पण डिस्कस आणि रॅम हे मऊ पाण्यातले मासे. जड पाण्यात ते अंडी घालतात, पण ती फळत नाहीत किंवा फुटत नाहीत. त्यांच्यासाठी जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) 5 किंवा त्याखाली आणा. आरओचं पाणी आणि नेहमीचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की जडपणा जवळपास निम्मा होतो, हा हिशोब धरून प्रमाण ठरवा. नुसतं आरओचं पाणी मात्र वापरू नका. त्यात केएच (पीएच स्थिर ठेवणारा कार्बोनेटचा जडपणा) जवळजवळ शून्य असतो, आणि मग पीएच कधी घसरेल याचा भरवसा नाही. केएच 1-2 तरी राहू द्या. बदल एकदम करू नका, रोज 10-15 टक्के पाणी बदलत आठवड्याभरात इच्छित आकड्यावर या. पीएच खाली आणायच्या बाटल्या वापरू नका. केएच जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी पीएच परत वर जातो आणि माशांना नुसते हेलकावे बसतात.

जाता जाता, क्रिबेन्सिसच्या बाबतीत पीएचचा आणखी एक परिणाम होतो: आम्लधर्मी पाण्यात वाढलेल्या पिल्लांमध्ये नर जास्त निघतात. प्रत्येक खेपेला एकाच लिंगाची पिल्लं निघत असतील तर पीएच 7 च्या जवळ आणून बघा.

दुसऱ्या दिवशी कापूस

इथे आधी थोडीच अंडी पांढरी होती, मग दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती बारीक तंतू दिसले आणि तिसऱ्या दिवशी अख्खा घोस पांढरा झाला, असा क्रम असतो. भिंगातून पाहिलं तर एका मेलेल्या अंड्यातून चहूबाजूंनी केसासारखे तंतू निघालेले दिसतात आणि त्यांची टोकं शेजारच्या चांगल्या, पारदर्शक अंड्यांवर टेकलेली असतात. बुरशी सुरू होते मेलेल्या अंड्यावर. शेजारची जिवंत अंडी त्या जाळ्यात घुसमटून मरतात. पालक चांगले असतील तर पांढरी अंडी वेळेवर वेचतात आणि परांनी वारा घालत ताजं पाणी फिरवत ठेवतात, त्यामुळे बुरशीला जागाच मिळत नाही. पालकांजवळ ठेवलेल्या अंड्यांना सतत बुरशी लागत असेल तर तापमान आणि पाण्याची स्वच्छता तपासा.

पालक नीट राखण करत नसतील तर अंडी वेगळी काढून उबवता येतात. एंजलच्या बाबतीत ही पद्धत सर्रास वापरतात, म्हणून अंडी घालायला पाटीचा तुकडा किंवा पीव्हीसी पाइप उभा ठेवतात. तो तसाच उचलता येतो. 20 लिटरची रिकामी टाकी घ्या, तळाला वाळू नको. तिच्यात पालकांच्याच टाकीतलं पाणी भरा आणि तापमान तेच ठेवा. पाटी पाण्याखालीच एका भांड्यात घेऊन भांड्यासकट हलवा. एअर स्टोन अंड्यांपासून चार-पाच सेंटिमीटरवर ठेवा. बुडबुडे अंड्यांवर आदळू नयेत, त्यांच्यामुळे उठणारं पाणी अंड्यांवरून सरकत राहिलं पाहिजे.

मग मिथिलीन ब्लू, म्हणजे बुरशी रोखणारं निळं औषध. इथे मात्रा चुकते ती बाटलीमुळे, कारण प्रत्येक बाटलीतलं द्रावण सारखं तीव्र नसतं. लेबल वाचा. 1 टक्का द्रावण असेल तर 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम औषध असतं. लिटरला 2 मिलिग्रॅम हवं असेल तर 20 लिटरला 4 मिलिलिटर. पाणी निळं पण आरपार दिसेल इतपत हवं. हे औषध फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना मारतं, म्हणून मुख्य टाकीत ते कधीच घालू नका आणि उबवणीच्या टाकीत मुरलेला (असे जिवाणू वसलेला) स्पंज ठेवू नका. सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात, तेवढी तयारी ठेवा. पांढरी पडलेली अंडी दिवसातून दोनदा ड्रॉपरने उचला. अंडी फुटली की रोज तिसरा हिस्सा पाणी बदलत निळेपणा घालवा आणि पिल्लं पोहायला लागायच्या आत पाणी स्वच्छ झालेलं असू द्या. स्पंज फिल्टर त्यानंतरच.

डिस्कससाठी हा मार्ग धरू नका. त्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टिपून जगतात. पालकांपासून दूर ती वाढवणं नवशिक्याचं काम नाही.

संध्याकाळी होती, सकाळी नाहीत

पहिला संशय पालकांवर जातो. पण टाकीत प्लेको, कोरीडोरास (तळाशी फिरणारे मासे) किंवा मोठ्या गोगलगायी असतील तर आधी त्या बाहेर काढा. सिक्लिड डोळ्यांनी राखण करतात. दिवसा ते प्लेकोला जवळ फिरकू देत नाहीत, पण गच्च अंधारात त्यांना काही दिसत नाही आणि प्लेको मिशांनी, वासाने बिनदिक्कत अंड्यांपर्यंत पोचतो. रात्रभर खोलीत मंद दिवा राहू द्या, टाकीच्या कडा अंधुक दिसतील एवढाच. अंडी असतानाच्या दिवसांत टाकीचा दिवा फाटकन बंद करू नका, आधी खोलीतला दिवा लावा आणि मग टाकीचा घालवा.

पैदाशीच्या टाकीत ती जोडी सोडून कोणीही नको, हाच खरा नियम. क्रिबेन्सिस किंवा रॅमच्या जोडीला 60 लिटर पुरतात. कॉन्व्हिक्टला 80 ते 100. एंजलला 100 लिटर आणि पाण्याची उंची निदान 45 सेंटिमीटर.

दुसरं कोणी नसूनही अंडी जात असतील तर जोडीच खाते आहे. नव्या जोडीला पहिल्या तीन-चार खेपा माफ करा. त्यांना राखण जमायला वेळ लागतो आणि पुष्कळ जोड्या पाचव्या खेपेला एकदम सुधारतात. तोपर्यंत त्यांना त्रास कशाचा होतोय ते शोधा. टाकी जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे का? काचेवर सतत सावल्या पडतात का? तीन बाजूंना कागद लावा. अंडी असताना पाणी बदलायचंच असेल तर 10 टक्के, बारीक नळीने, त्याच तापमानाचं. कंकर साफ करू नका, झाडं हलवू नका. पालकांचं खाणं मात्र चालू ठेवा. उपाशी ठेवलेली जोडी अंड्यांकडे खाणं म्हणून बघायला लागते.

सहा-सात खेपा आणि सगळी शांतता देऊनही तेच होत असेल, तर वरच्या पद्धतीने अंडी वेगळी काढा, नाहीतर नवी जोडी जमवा. नवी जोडी म्हणजे एक नर, एक मादी आणून एकत्र सोडणं असा अर्थ घेऊ नका. एकाच वयाची सहा पिल्लं एकत्र वाढवा, जोडी त्यांची ती ठरवतात. अशी जुळलेली जोडी टिकते.

तिसऱ्या दिवशी गायब

हे नुकसान बऱ्याचदा नुकसानच नसतं. अंडी फुटली की पालक वळवळणारी पिल्लं तोंडात घेतात आणि आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात किंवा दुसऱ्या पानावर नेऊन थुंकतात. क्रिबेन्सिस एका रात्रीत सगळी पिल्लं हलवतात. जुनी जागा रिकामी बघून माणूस ‘खाल्ली’ म्हणतो आणि वैतागून टाकी साफ करायला घेतो, तिथे खरोखरच पिल्लं जातात. पालक एका कोपऱ्याभोवती घोटाळत असतील, बोट काचेजवळ नेलं की अंगावर येत असतील, रंग गडद असेल, तर पिल्लं आहेत. चार दिवस टाकीला हात लावू नका. पालक सुस्त, एकमेकांपासून लांब आणि पुन्हा दगड घासायला लागले असतील तर मात्र पिल्लं गेली.

पोहायला लागली आणि दोन-तीन दिवसांत मेली

इथे दोनच गुन्हेगार: खाणं आणि पाणी. पिल्लं चिकटून वळवळत असतात तेव्हा ती पोटातल्या पिवळ्या बलकावर जगतात. त्या दिवसांत घातलेलं खाणं फक्त कुजतं. ती मोकळी पोहायला लागली की त्याच दिवशी खाणं समोर हवं. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालू नका. पाणी तासाभरात नासतं आणि पिल्लं बलकाने कमी, अमोनियाने जास्त मरतात.

ताजे फुटलेले ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) याला तोड नाही. तेही अंडी घातल्याच्या दिवशी नाही, पिल्लं पोहायच्या आदल्या दिवशी लावायचे. लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा आणि दोन-तीन ग्रॅम ब्राइन श्रिम्पची अंडी, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा, एअर पंपाची नळी थेट खालच्या टोकापर्यंत सोडा. पाणी खदखदत राहिलं पाहिजे, नाहीतर अंडी तळाशी साचून कुजतात. 27-28 अंश आणि सतत उजेड असेल तर 24 तासांत पाणी नारिंगी दिसतं. मग हवा बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी कवचं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि त्यांच्या जरा वर नारिंगी जिवांचा ढग जमतो. खाली बॅटरी लावली तर तो आणखी दाट होतो. नळीने तळाचा पहिला घोट टाकून द्या, नारिंगी भाग बारीक कापडातून गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच द्या. कवचं सोबत जाऊ देऊ नका, ती पिल्लांच्या आतड्यात अडकू शकतात. फुटल्यानंतर पहिल्या काही तासांतच या खाण्यात सत्त्व जास्त असतं, म्हणून एकच मोठी बाटली लावण्यापेक्षा 12 तासांच्या अंतराने दोन छोट्या लावा.

दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच. नीट खाल्लं का हे बघायला काचेला बॅटरी लावा. पापणीच्या केसाएवढ्या पारदर्शक पिल्लांची पोटं दहा मिनिटांत गोल आणि नारिंगी दिसली पाहिजेत. ज्यांची पोटं रिकामी, काचेसारखी दिसतात, ती एकतर खाऊ शकत नाहीत किंवा त्यांच्यापर्यंत खाणं पोचत नाही. रॅमची पिल्लं बारीक असतात, त्यांना पहिले एक-दोन दिवस इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) लागू शकतो. तो आठवडाभर आधी तयार करायला घ्यावा लागतो.

पाण्याचं म्हणाल, तर पिल्लांच्या टाकीतला स्पंज मुरलेला हवा. जास्तीचा एक स्पंज मोठ्या टाकीत महिनाभर आधीपासून चालू ठेवा आणि वेळ आली की तोच उचलून लावा. (मिथिलीन ब्लूचा निळेपणा राहिला असेल तर आधी तो जाऊ द्या.) रोज 20 टक्के पाणी बदला, तापमानात एका अंशापेक्षा जास्त फरक नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन 24 तास हवा सोडून ठेवलं की जातं, क्लोरामाइन तसं जात नाही. त्याला क्लोरीन काढणारं औषधच लागतं. अमोनियाची चाचणी शून्य दाखवली पाहिजे. थोडासाही रंग चढला तर त्या दिवशीचं खाणं निम्मं करा आणि दोनदा पाणी बदला.

नर मादीला मारतो

मादीच्या परांच्या चिंध्या झालेल्या आणि ती पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात हीटरमागे तिरकी लपलेली दिसली तर त्याच दिवशी मध्ये जाळी घाला. वाट बघितली तर सकाळी मादी मेलेली सापडते. नर तयार आणि मादीच्या पोटात अंडी नाहीत, हे नेहमीचं कारण. आठवडाभर जाळीपलीकडून दोघांना चांगलं खाऊ घाला. मादीचं पोट फुगलं, ती जाळीजवळ येऊन अंग थरथरवू लागली की मगच जाळी काढा. दुसरं कारण जरा विचित्र वाटतं: टाकीत शत्रूच नाही. राखणीचा सगळा जोर मग जोडीदारावर निघतो. अशा जोडीच्या टाकीला लागून दुसरी टाकी ठेवा, तिच्यातले मासे काचेतून दिसू द्या. दोघं मिळून त्यांच्यावर धावून जातात आणि आपसातलं भांडण थांबतं. दोन्ही टाक्यांचं पाणी वेगळं असल्यामुळे अंड्यांनाही धोका नाही.

तोंडात अंडी धरणाऱ्या जाती

आफ्रिकेच्या मलावी सरोवरातल्या एम्बूना सिक्लिडचा प्रश्न वेगळा असतो: मादीने तोंड भरलं, आणि चौथ्या दिवशी ती पुन्हा खाताना दिसली. म्हणजे अंडी गिळली. पहिल्या दोन-तीन खेपांना तरुण मादी गिळतेच. पुढेही तेच चाललं तर नरांची संख्या बघा. एका नरामागे तीन ते पाच माद्या हव्यात, नाहीतर एकाच मादीचा पाठलाग होत राहतो. पाणी जड आणि पीएच 7.8 ते 8.5 हवा. आणि तोंड भरलेल्या मादीला पहिल्या आठवड्यात जाळ्याने पकडू नका, घाबरून ती अंडी थुंकते किंवा गिळते.

26 अंशांना ती साधारण तीन आठवडे पिल्लं तोंडात ठेवते आणि त्या काळात जवळजवळ काहीच खात नाही. बाराव्या-चौदाव्या दिवशी, दिवे मालवून अर्धा तास झाल्यावर, तिला 40-50 लिटरच्या वेगळ्या टाकीत न्या. तिथे लपायला पाइपचा तुकडा ठेवा. पिल्लं ती स्वतःच सोडते, आणि ती सुटतात तेव्हाच ब्राइन श्रिम्प खाण्याएवढी मोठी असतात. मादी मात्र हाडकलेली असते. तिला लगेच नराच्या टाकीत परत सोडू नका. आठ-दहा दिवस एकटीला थोडं थोडं, वारंवार खाऊ घाला, पाठीवरचा खोलगटपणा भरून आला की मग दिवे मालवल्यावर परत सोडा.